गजकर्ण, शिबं, चिखल्या ते काळी बुरशी : कोणती बुरशी कुठं लागते आणि कशानं जाते

रंकाळाकाठ (त्वचारोग) | ४ जुलै, सकाळी ७:४०

पाऊस लागला, कपडे दोन-दोन दिवस वाळेनात आणि जांघेतल्या खाजेचे प्रश्न पुन्हा सुरू झाले. दर वेळी तुकड्यातुकड्यांत उत्तरं दिली जातात, म्हणून सगळं एका जागी मांडतो. इथं लॅबवाले, औषधवाले, डोळ्यांचे डॉक्टर, वस्ताद सगळेच आहेत. माझं अपुरं पडेल तिथं भर घाला, चुकलं तर दुरुस्त करा.

‘फंगल झालंय’ हे निदान नव्हे. ‘ताप आलाय’ म्हणण्याइतकाच त्याला अर्थ आहे. बुरशी किती खोल गेली आहे आणि ती कशावर जगते, या दोन गोष्टींवरून औषध ठरतं.

सगळ्यात वर राहते मॅलॅसेझिया. ती प्रत्येकाच्या कातडीवर असतेच आणि त्वचेतल्या तेलावर जगते. घाम आणि दमट हवा मिळाली की फोफावते, मग छाती, पाठ, मान, दंडावर शिबं उठतात. पांढरट किंवा तपकिरी ठिपके, नखानं खरवडलं की बारीक भुसा निघतो, खाज नावापुरती. ही एकाची दुसऱ्याला लागत नाही.

त्यानंतर डर्मॅटोफाइट, म्हणजे आपलं गजकर्ण, नायटा. ही बुरशी केराटिन खाते. केराटिन असतं कातडीच्या मेलेल्या वरच्या थरात, केसात आणि नखात, त्यामुळं हिचा वावरही तिथंच. कड उठावदार, लाल, खाजरी; मधला भाग त्या मानानं साफ; आणि कडं बाहेर सरकत जातं. ही मात्र लागते: माणसाकडून, जनावराकडून, टॉवेलवरून.

कँडिडा तोंडात, आतड्यात, योनिमार्गात मुळातच वस्तीला असते. साखर वाढली, प्रतिजैविकांचा मोठा कोर्स झाला, स्टेरॉइड चालू असलं किंवा कातडीची घडी सतत ओली राहिली की ती डोकं वर काढते.

काटा घुसून कातडीखाली रुजणाऱ्या बुरशा वेगळ्या आणि श्वासावाटे फुप्फुसात किंवा सायनसमध्ये जाणाऱ्या वेगळ्या. त्यांच्याबद्दल खाली कुणी लिहिलं तर बरं.

सध्याचा खरा त्रास गजकर्णाचा आहे. पूर्वी दोन आठवडे साधं मलम लावलं की जायचं. आता आपल्याकडं ट्रायकोफायटन इंडोटिनी ही जात पसरली आहे, २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं. टर्बिनाफिन हे बुरशीचं नेहमीचं औषध ज्या एन्झाइमवर घाव घालतं त्याच्या जनुकात हिच्या पुष्कळ नमुन्यांत बदल झालेला असतो, म्हणून गोळी पूर्ण घेऊनही चट्टा हलत नाही. एकाच माणसाला जांघ, नितंब, पोट, चेहरा असं सगळीकडं पसरलेलं दिसतं आणि घरातल्या तिघाचौघांना एकदमच असतं. त्यातल्या एकालाच औषध दिलं तर महिन्याभरात ते फिरून त्याच्याकडंच येतं.

---

सूक्ष्मदर्शी (लॅब) | ४ जुलै, सकाळी ९:१५

डॉक्टर, तपासणीचं मी लिहितो. स्वस्तातली आणि सगळ्यात उपयोगी तपासणी म्हणजे केओएच, म्हणजे खपली पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. नमुना नीट घेतला नाही तर ती खोटी निगेटिव्ह येते आणि मग लोक म्हणतात की तपासणीलाच अर्थ नाही.

आधी जागा ७० टक्के अल्कोहोलनं पुसायची आणि वाळू द्यायची. मलम, पावडर, तेल यांचा थर राहिला तर काचेवर तेलाचे थेंबच दिसतात. खरवडायचं ते चट्ट्याच्या मधून नव्हे, सरकत्या कडेवरून, १५ नंबरच्या ब्लेडची बोथट बाजू किंवा काचपट्टीची कड वापरून. मधल्या भागातली बुरशी संपलेली असते. खपल्या काचेवर घेऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, १० ते २० मिनिटं थांबायचं. नखाला २० टक्के किंवा त्याहून तीव्र द्रावण लागतं आणि तासन्‌तास, कधी रात्रभर ठेवावं लागतं. अल्कलीनं केराटिन विरघळतं, बुरशीची भिंत टिकते. मग आधी १० च्या आणि नंतर ४० च्या भिंगाखाली बघायचं. गजकर्णात पारदर्शक, आडवे पडदे असलेले, फाटे फुटलेले धागे दिसतात. शिबांत आखूड धागे आणि गोल पेशींचे घोस एकत्र असतात, शेवयांत साबुदाणा सांडल्यासारखे.

नवख्याची फसगत दोन ठिकाणी होते. कापडाचा तंतू धाग्यासारखा दिसतो, पण त्याला पडदे नसतात आणि त्याची जाडी कमीजास्त असते. दुसरं, पेशींच्या कडेकडेनं जमलेले स्फटिक जाळीसारखे दिसतात. बुरशीचा धागा पेशींच्या सीमा ओलांडून आरपार जातो, स्फटिक सीमेवरूनच फिरतात.

कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला, नमुना पाठवायचा तर काळ्या कागदाच्या पुडीत, कोरडा. प्लास्टिकच्या डबीत दमटपणा धरतो आणि जिवाणूच वाढतात. साबुराँ माध्यमावर (बुरशी वाढवायचं खाद्य), २५ ते ३० अंशांना, चार आठवडे ठेवल्याशिवाय ‘वाढ नाही’ असा अहवाल देऊ नये. मॅलॅसेझिया साध्या माध्यमावर वाढतच नाही, वर ऑलिव्ह तेलाचा थर द्यावा लागतो. आणि तपासणीआधी किमान आठवडाभर बुरशीचं मलम बंद हवं. सकाळी मलम लावून दुपारी तपासणीला आलेल्या माणसाचा अहवाल विश्वासाचा नसतो.

---

गोळीपुडी (औषधनिर्माता) | ४ जुलै, सकाळी ११:०५

यातला सगळ्यात मोठा अनर्थ ट्यूबनं केलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की जी मिश्रणं हातात येतात त्यांत बहुधा तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीचं, एक-दोन प्रतिजैविकं आणि एक जोरदार स्टेरॉइड. नाव काहीही असू दे, खोक्यावर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं छापलंय का ते बघा. असेल तर ती ट्यूब गजकर्णावर लावायची नाही. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज आणि लाली जाते, कारण ते शरीराचा प्रतिकार दाबतं. बुरशीला मोकळं रान मिळतं. ट्यूब थांबली की दुप्पट जोरानं उसळतं, मग माणूस तीच ट्यूब पुन्हा आणतो. काही महिन्यांत कड्याच्या आत कडं दिसू लागतं, चट्ट्याची ठेवण इतकी बदलते की डॉक्टरांनाही लगेच ओळखू येत नाही. जांघेत कातडी पातळ होऊन जांभळे-पांढरे ओरखडे पडतात, ते आयुष्यभर जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं स्टेरॉइडच्या मलमांना शेड्यूल एचमध्ये आणलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. हा नियम पाळायची पहिली जबाबदारी काउंटरवर उभं राहणाऱ्या आमचीच आहे.

आता साधं मलम किती लावायचं. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात दोन तळहातांएवढी जागा भागते, बोटं धरून. दोन्ही जांघा आणि नितंब मिळून सहा तळहात धरले तर एका वेळेला दीड ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे तीन ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपली पाहिजे. १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर औषध पोचतच नाही. दिसणाऱ्या कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटर चांगल्या कातडीपर्यंत लावायचं, बाहेरून आत यायचं, आणि चट्टा पूर्ण गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं.

इट्राकोनॅझोल या बुरशीच्या औषधाच्या कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायच्या. पोटात आम्ल असलं तरच ते विरघळतं. सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी आणि तिच्यासोबत हे, म्हणजे पैसे पाण्यात. दोन कॅप्सूल एकदम किंवा एक सकाळी एक संध्याकाळी, हे डॉक्टर सांगतील तसं. रोजचा डोस बहुधा २०० मिलिग्रॅम. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्याला हे औषध देत नाहीत. कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन, रक्त पातळ करायच्या काही गोळ्या यांच्याशी त्याचं जमत नाही. फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं दुसरं औषध आणि साखरेची ग्लिमेपिराइड एकत्र आली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांकडं जाताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसायची वेळ येऊ देऊ नका.

---

शिरोली_सेफ्टी | ४ जुलै, दुपारी १:३०

फौंड्रीत सेफ्टी बूट आठ-दहा तास पायात असतात, भट्टीजवळ घाम वेगळाच. बूट काढू देता येत नाहीत. तिथं काय करता येईल? आणि कपडे कढत पाण्यात घालायचे की डेटॉल टाकायचं, यावर प्रत्येकाचं वेगळं मत आहे.

---

रंकाळाकाठ | ४ जुलै, दुपारी २:१०

बुटाचे दोन जोड हवेत, एक दिवसाआड. काढलेला जोड २४ तास उघडा, आतली गादी बाहेर काढून ठेवायचा. मोजे सुती किंवा घाम शोषणारे, आणि जेवणाच्या सुट्टीत बदलायचे: डब्याच्या पिशवीत एक जादा जोड ठेवायला सांगा. बोटांच्या फटी फडक्यानं पुसून मगच मोजा चढवायचा. आधी मोजे आणि नंतर अंतर्वस्त्र घालायचं हेही सांगा. उलट केलं की पावलाची बुरशी कापडाबरोबर जांघेत चढते. घरी आल्यावर कोल्हापुरी किंवा कुठलीही उघडी चप्पल, पायाला वारा लागला पाहिजे.

कपड्यांसाठी डेटॉलची गरज नाही. ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात बुरशीचे बीजाणू मरतात, कोमट पाण्यात नुसते एका कपड्यावरून दुसऱ्यावर जातात. बंबाच्या कढत पाण्यात अर्धा तास भिजवा, बाधित माणसाचे कपडे वेगळे धुवा, उलटे करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नाही, तेव्हा अंतर्वस्त्राच्या शिवणी आणि कमरेच्या पट्ट्या आतून कडक इस्त्रीनं शेकून घ्या. जीन्स आणि घट्ट लेगिंग पूर्ण बरं होईपर्यंत बंद.

---

लाल_माती | ४ जुलै, संध्याकाळी ५:४५

तालमीतल्या पोरांचं सांगतो. कुस्तीत पहिला चट्टा मानेवर, दंडावर, कानामागं नाहीतर कपाळाच्या कडंला दिसतोय, जिथं अंगाला अंग घासतंय तिथंच. पहाटे मातीत उतरायच्या आधी उजेडात प्रत्येकाचं अंग बघायचं, कान आणि मान वळवून. कडं दिसलं की त्या पोरानं जोड करायची न्हाई. दंड-बैठका, दोर, पळणं सगळं करू द्या, पण एकट्यानं. अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या कुस्तीला नियमच आहे: अंगावर असंल तर निदान ७२ तास उपचार झाल्याबिगर मॅटवर घेत न्हाईत, डोक्यात असंल तर १४ दिवस. आपल्याकडची बुरशी चिवट झालीय, म्हणून डॉक्टर म्हणतील तोवर थांबायचं. पट्टी गुंडाळून लढवू नका, घामानं पट्टी सरकते.

लंगोट निदान तीन पाहिजेत. भिजलेला लंगोट खुंटीला टांगून संध्याकाळी परत घालायची सवय मोडा. टॉवेल, वस्तरा, अंगाला लावायची तेलाची वाटी ज्याची त्याची. मेहनत झाल्यावर घाम जिरंपर्यंत बसून मग अंघोळ, हे ठीक हाय, पण तासभर ओल्या लंगोटात बसायचं न्हाई.

आणि एक. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालायची आपली रीत हाय, तिनं माती मऊ राहते, अंगाला बरं वाटतं. पण त्यानं बुरशी मरते असं समजून रोग असलेल्याला मातीत घ्यायचं न्हाई.

---

सूक्ष्मदर्शी | ४ जुलै, संध्याकाळी ६:२०

वस्ताद, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा सांगितलात. मातीत राहणाऱ्या बुरशीच्या जाती वेगळ्या असतात आणि त्या माणसाला कमी लागतात. पैलवानांत पसरते ती मुख्यतः माणसाच्या कातडीवरूनच. मॅट असेल तर रोज पुसावी: ५ टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग, पाण्याचे दहा भाग, त्याच दिवशी कालवलेलं, दहा मिनिटं ओलं ठेवून नंतर साध्या पाण्यानं. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

जनावरांचं राहिलं. वासरांच्या डोळ्याभोवती, मानेवर करड्या, जाड खपल्यांचे गोल दिसले तर ती ट्रायकोफायटन व्हेरुकोजम असू शकते. धार काढणाऱ्याच्या हातावर, दाढीत, पोरांच्या डोक्यात ती खूप सूज घेऊन येते. गोठा असलेल्या घरात माणसाबरोबर वासरालाही औषध द्यावं लागतं.

---

रंकाळाकाठ | ४ जुलै, संध्याकाळी ७:००

त्याला जोडूनच. मुलाच्या डोक्यात मऊ, पिठूळ सूज, केस ओढले की सहज हातात येतात, वर पू: हे गळू नव्हे. त्याला चिरा देऊ नये. शरीरानं बुरशीविरुद्ध केलेला तो दाह असतो, चिरल्यानं व्रण राहतो आणि तिथं केस येत नाहीत. डोक्यातल्या बुरशीला मलम पुरत नाही, ती केसाच्या मुळात आणि दांड्यात असते. पोटातून ग्रिसिओफुल्विन वजनाप्रमाणे, सहा ते आठ आठवडे, दुधासोबत किंवा तुपाच्या जेवणासोबत, कारण स्निग्ध पदार्थाबरोबर ते शोषलं जातं.

---

आरोग्यसेविका_गगनबावडा | ४ जुलै, रात्री ८:३५

आमच्याकडं आत्ता भाताची लावण चालू आहे, त्यामुळं चिखल्या. बोटांच्या फटीतली कातडी पांढरी, फुगलेली, भेगाळलेली, आग होते. सुरुवात बुरशीनं होत नाही, दिवसभर पाण्यात राहून कातडी कुजल्यानं होते. नंतर त्यात बुरशी आणि जिवाणू दोन्ही शिरतात. म्हणून नुसतं बुरशीचं मलम लावून पाय परत चिखलात घातला तर काही होत नाही.

शेतात जायच्या आधी फटींत खोबरेल किंवा व्हॅसलिन चोपडायला सांगते, पाणी कमी मुरतं. घरी आल्यावर साबणानं धुऊन, एकेक फट कोरड्या फडक्यानं टिपून, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवायचे. रंग जांभळा झाला तर जास्त पडलंय, कातडी भाजते. खडा थेट पायावर टाकू नये. मग कोरडे करून मलम. रात्री फटींत कापसाची किंवा सुती कापडाची पातळ घडी. पाऊल लाल होऊन लाली घोट्याकडं चढायला लागली, ताप आला, जांघेत गाठ आली तर ते बुरशीचं काम नव्हे, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. साखर असलेल्यांनी तर रोज संध्याकाळी पाय उजेडात बघावेत, त्यांना भेग कळतच नाही. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरानंतर पाण्यात उभं राहून घरं साफ करणाऱ्यांना जे झालं तेही हेच. गमबूट घातला तरी आत पाणी शिरलं असेल तर तो काढून ओतून टाका.

टाकळ्याचा पाला, लसणाचा ठेचा, रॉकेल हे लावलेले पायही येतात. लसणानं भाजून फोड येतात, मग मूळ रोग कुठला होता तेच कळत नाही. सरकारी दवाखान्यात व्हिटफिल्ड मलम असलं तर ते साधं आणि स्वस्त औषध आहे: बेंझोइक आम्ल ६ टक्के, सॅलिसिलिक ३ टक्के. भेगा उघड्या असताना लावू नका, झोंबतं. जांघेत आणि तोंडावर तर नकोच.

---

पेठकर_७१ | ४ जुलै, रात्री ९:२०

शिबांसाठी टर्बिनाफिनच्या गोळ्या महिनाभर घेतल्या की मुळापासून जातात ना? आमच्या फुटबॉलच्या पोरांत निम्म्यांच्या पाठीवर आहेत.

---

रंकाळाकाठ | ४ जुलै, रात्री ९:४५

नाही. शिबांवर टर्बिनाफिनची गोळी चालत नाही, गोळीतलं औषध घामावाटे पुरेसं वर येत नाही. किटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू ओल्या अंगावर मानेपासून कमरेपर्यंत लावून पाच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा, रोज एकदा, पाच दिवस. ठिपके दिसतात तेवढ्यावरच नको, सगळ्या पाठीला. बुरशी मेली तरी रंग परत यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून दुसरं सुरू करू नका. खरवडून भुसा निघत नसेल तर ती मेलेली आहे. घामाच्या दिवसांत परत येतात, म्हणून मोसमाआधी महिन्यातून एकदा शाम्पू. आणि हे पांढरं कोड नव्हे, एवढं घरच्यांना जरूर सांगा. विशेषतः मुलींच्या बाबतीत उगाच घबराट होते.

याच जागी कुष्ठरोगाचंही सांगतो. कुठलाही फिकट किंवा लालसर चट्टा, खाज अजिबात नाही, कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही, तिथला घाम आणि लव गेलेली: अशा चट्ट्यावर बुरशीचं मलम लावत महिने घालवू नका. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.

---

उसाचं_पातं (नेत्रविकार) | ५ जुलै, सकाळी ६:५०

आपल्या जिल्ह्यात बुरशीनं डोळा जातो तो उसात आणि भातात. पाला काढताना, तोडणीत, पात्याची कड बुबुळाला घासते. ओरखडा बारीक असतो, पण पात्यावरची फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस आत रुजते. पहिल्या दिवशी फक्त खुपतं. पाच-सात दिवसांनी बुबुळावर करडा-पांढरा डाग, कडा पिसासारख्या विसकटलेल्या, शेजारी बारीक ठिपके. जिवाणूच्या जखमेपेक्षा दुखणं कमी वाटू शकतं, म्हणून माणूस थांबतो आणि तिथंच घात होतो.

लागल्या लागल्या स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा, चोळू नका. आईचं दूध, तूप, मध, एरंडेल काही घालू नका. घरात पडलेले ‘डोळे आल्याचे’ थेंब तर मुळीच नकोत. त्यांत बहुतेकदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं, आणि बुबुळावरच्या बुरशीला स्टेरॉइड मिळालं की काही दिवसांत आरपार भोक पडू शकतं. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. ते बुबुळ खरवडून केओएच बघतील. औषध नॅटामायसिन ५ टक्के. पहिले काही दिवस जागेपणी दर तासाला एक थेंब, पुढं आठवडेच्या आठवडे. बाटली प्रत्येक वेळी जोरात हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता घातलं तर डोळ्यात नुसतं पाणी जातं. पाला काढताना साधा पारदर्शक चष्मा घातला तरी यातलं बरंचसं टळतं.

---

कान_नाक_घसा | ५ जुलै, सकाळी ८:१०

कानाचं थोडक्यात. विहिरीत, नदीत पोहून किंवा काडी घालून कान दडपतो, प्रचंड खाज, आत ओल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यासारखा काळा-पांढरा लगदा. ती अ‍ॅस्परजिलस नायजर, कधी कँडिडा. लगदा साफ केल्याशिवाय थेंब उपयोगाचे नाहीत. सक्शननं साफ करून मग क्लोट्रिमॅझोलचे थेंब, दोन आठवडे कानात पाणी नाही. लसूण घालून कढवलेलं तेल ओतू नका. पडद्याला भोक असलं तर ते आत उतरतं. अंघोळीला कापसाचा बोळा व्हॅसलिनमध्ये बुडवून कानात ठेवा.

---

सुईण_ते_स्त्रीरोग | ५ जुलै, सकाळी १०:२५

कँडिडाबद्दल बायका कमी बोलतात म्हणून लिहिते. अंगावरून दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं जाणं, तीव्र खाज, आग, पण दुर्गंधी नाही: हे कँडिडाचं. दुर्गंधी असेल, फेस असेल, हिरवट असेल तर कारण वेगळं, औषधही वेगळं. साधा झटका असेल तर क्लोट्रिमॅझोल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी रात्री योनीत, किंवा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम एकदाच पोटातून. गरोदर असाल तर पोटातून फ्लुकोनॅझोल नाही, सात दिवसांचं स्थानिक औषधच. वर्षातून तीन-चार वेळा होत असेल तर रक्तातली साखर तपासा. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर लघवीतून साखर जाते, त्यानंही स्त्री-पुरुष दोघांना होतं. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, आणि प्रत्येक वेळी साध्या पाण्यानं धुऊन टिपून घ्या. जंतुनाशकाचे वॉश आणि आतून धुणं बंद करा. त्यानं तिथले उपयोगी जिवाणूच मरतात.

स्तनांखाली, पोटाच्या घडीत लाल ओलसर चट्टा आणि त्याच्या बाहेर सुटे पुळीचे ठिपके दिसले तर तेही हेच. गजकर्णात असे सुटे ठिपके नसतात, सलग कड असते. भांडी-धुण्यात हात असणाऱ्यांचं नखाच्या मुळाशी सुजणारं जुनं नखुरडं पाण्यामुळं होतं, आत सुती आणि वर रबरी हातमोजे घातल्याशिवाय ते थांबत नाही. तान्ह्याच्या जिभेवरचा पांढरा थर पुसून निघाला तर दूध, निघाला नाही किंवा निघून खाली लाल झालं तर कँडिडा. बाळाबरोबर आईच्या स्तनाग्रालाही औषध लावावं लागतं. दम्याचा स्टेरॉइड पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून थुंकावी.

---

फिजिशियन_कसबा | ५ जुलै, दुपारी १२:४०

खोलवरच्यांचं मी लिहितो.

म्युकर, म्हणजे २०२१ मध्ये सगळ्यांच्या तोंडी असलेली काळी बुरशी. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते आणि मेलेला भाग काळा पडतो. तिचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजक्या पाल्यात, सगळीकडं असतात, निरोगी माणसाला काही होत नाही. बेफाम साखर, विशेषतः कीटोन वाढलेले, आणि त्यावर स्टेरॉइड: ही जोडी घातक. एका बाजूचा गाल दुखणं, सुजणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, वरचे दात हलणं, एकाचे दोन दिसणं, टाळूवर काळा डाग. मधुमेही माणसात यातलं एक जरी दिसलं तरी उद्यावर टाकू नका, मोठ्या रुग्णालयात जा. उपचार तीन बाजूंनी: मेलेला भाग शस्त्रक्रियेनं काढणं, लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीचं औषध शिरेतून रोज किलोमागं ५ मिलिग्रॅम, आणि साखर ताब्यात आणणं. एक बाजू सुटली तरी उरलेल्या दोन पुरत नाहीत. माणसाकडून माणसाला हा रोग लागत नाही.

फुप्फुसात क्षयाची जुनी पोकळी असते, तिच्यात अ‍ॅस्परजिलसचा गोळा बसतो. खोकल्यातून रक्त पडतं आणि क्षय उलटला समजून पुन्हा क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. थुंकीची जनुकीय तपासणी निगेटिव्ह असेल आणि पूर्वी क्षय झालेला असेल तर सीटी स्कॅन आणि अ‍ॅस्परजिलसच्या आयजीजी तपासणीबद्दल (रक्तातली प्रतिपिंडं बघणारी) विचारा. दमा औषधांना दाद देत नाही, खोकल्यातून तपकिरी बुचासारखे तुकडे पडतात, तिथंही हीच बुरशी ॲलर्जीच्या रूपात असू शकते. एचआयव्ही असून सीडी-४ (प्रतिकारपेशींचा आकडा) शंभराच्या खाली आणि आठवड्याभराची डोकेदुखी असेल तर क्रिप्टोकॉकस या बुरशीची प्रतिजन तपासणी करायची. ही बुरशी कबुतरांच्या वाळक्या विष्ठेत असते, ती झाडताना आधी पाणी मारावं.

---

सूक्ष्मदर्शी | ५ जुलै, दुपारी १:१५

डॉक्टर, म्युकरच्या नमुन्याचं जोडतो. तुकडा सलाइनमध्ये, फॉर्मॅलिनमध्ये नाही, आणि लॅबमध्ये तो वाटायचा नाही. याचे धागे रुंद आणि बिनपडद्यांचे असतात, वाटले की फुटून मरतात आणि कल्चर कोरडं राहतं. बारीक कापून घ्यावा.

आणि मायसेटोमा कुणी लिहिला नाही. अनवाणी शेतात काम करणाऱ्याच्या पावलावर न दुखणारी गाठ, वर्षानुवर्षं वाढते, तिला तोंडं फुटतात आणि त्यांतून रव्यासारखे कण येतात. मद्रासकडं १८४२ मध्ये ‘मदुरा पाऊल’ म्हणून त्याची नोंद झाली. मायसेटोमा हे नाव मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम केलेल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. कणांचा रंग बघा: काळे असतील तर बहुधा बुरशी, लाल असतील तर जिवाणू, पांढरे-पिवळे दोन्ही असू शकतात. बुरशी असेल तर इट्राकोनॅझोल आणि शस्त्रक्रिया, जिवाणू असेल तर नुसत्या प्रतिजैविकांनी पाऊल वाचतं. म्हणून ते कण पुसून टाकू नका, ओल्या गॉझवर गोळा करून आणा.

---

पेठकर_७१ | ५ जुलै, दुपारी ३:००

नखं राहिली. अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालंय आणि खाली भुगा साठतो, अशांना गोळी किती दिवस?

---

रंकाळाकाठ | ५ जुलै, दुपारी ३:३५

आधी तपासणी. खराब दिसणाऱ्या नखांतली निम्मीच्या आसपास बुरशीची असतात, बाकीची सोरायसिसची, बुटाच्या दाबाची, वयाची. बुरशी ठरली तर टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज, हाताच्या नखाला सहा आठवडे, पायाच्या नखाला बारा. सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी. दोनतीनच नखं आणि मूळ शाबूत असेल तर ॲमोरोल्फिन ५ टक्के लॅकर आठवड्यातून एकदा, आधी नख कानशीनं घासून. ती कानशी चांगल्या नखांना लावायची नाही.

पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटरच वाढतं. म्हणजे गोळ्या बारा आठवड्यांत संपल्या तरी पूर्ण स्वच्छ नख दिसायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. औषध सुरू करताना चांगल्या आणि खराब भागाच्या सीमेवर ब्लेडनं हलकी आडवी खूण करून ठेवा आणि फोटो काढा. दोन महिन्यांनी खूण पुढं सरकली आणि तिच्या मागं नख स्वच्छ आलं असेल तर औषध चाललंय. पिवळेपणा खूण ओलांडून मागं आला असेल तर थांबा आणि कल्चरला पाठवा.